उधारीची वही, अपना बाजार आणि डी-मार्ट: दुकान नेमकं कोणाचं?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त मधले 'अं...' आणि दोन ठिकाणी आलेली खोकल्याची उबळ कापली आहे.)

आजचा विषय आहे सुपरमार्केट. हो, तेच ते. हातात बास्केट घेऊन आत जायचं, दोन वस्तू आणायला गेलो की अकरा घेऊन यायचं, ते सुपरमार्केट.

ज्यांनी पहिल्यांदाच ऐकायला घेतलंय त्यांच्यासाठी: मी एकोडीचा. तालुका साकोली, जिल्हा भंडारा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरची नोकरी करतो, आणि रविवारी हा पॉडकास्ट. इतिहासाचं रीतसर शिक्षण नाही. पण एखादी सिस्टीम आज अशी का चालते हे समजून घ्यायचं तर तिची जुनी व्हर्जन्स उघडून बघावी लागतात, ही सवय नोकरीनं लावली. आज तेच करू.

सुपरमार्केटच्या इतिहासाची नेहमीची गोष्ट अशी सांगतात: आधी किराणा दुकान होतं, मग मॉल आले, मग डी-मार्ट आलं, मग मोबाईलवर दहा मिनिटांत सामान. म्हणजे जुनं गेलं, नवं आलं. पण गोष्ट इतकी सरळ नाही. महाराष्ट्रात मोठ्या, एका छताखालच्या दुकानाची सुरुवात कुठल्या शेठजींनी केलेली नाही. ती गिरणी कामगारांनी केली, आणि त्या दुकानाचे मालक गिऱ्हाईकच होते. हे मधलं पान आपण विसरलोय.

दुकानदार नेमकं काय काम करतो?

आधी थोडी मांडणी. गावातल्या किराणा दुकानदाराकडे बघा. तो तीन कामं करतो.

पहिलं, माल तुमच्या हातात देतो. तुम्ही काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे. दुसरं, भाव सांगतो. आणि तिसरं, थांबतो. म्हणजे पैशासाठी थांबतो. "लिवून ठेवा जी, धान विकला का देतो." आमच्याकडचं हे वाक्य. त्या एका वाक्यावर आमच्या भागातल्या कित्येक घरांचे श्रावण-भादवे निघालेत.

ही तीन कामं डोक्यात ठेवा: देणं, भाव ठरवणं, थांबणं. दुकानाचा पुढचा सगळा इतिहास म्हणजे यातलं एकेक काम दुकानदाराच्या हातून कसं सुटत गेलं, त्याचा इतिहास आहे.

पहिलं काम: माल हातात देणं

हे काम सुटलं अमेरिकेत, १९१६ साली. मेम्फिस नावाचं शहर. तिथे क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसानं 'पिग्ली विग्ली' नावाचं दुकान काढलं. त्याआधी तिकडेही आपल्यासारखंच होतं: यादी द्यायची, नोकर आतून माल आणणार. सॉन्डर्सनं काउंटर काढून टाकला. गिऱ्हाईकानं फिरत्या फाटकातून आत यायचं, ठरलेल्या वाटेनं सगळी फळ्यांची रांग पार करायची, हवं ते स्वतः उचलायचं आणि शेवटी एकदाच पैसे द्यायचे. या रचनेचं पेटंटसुद्धा त्यानं घेतलं. नोकरांचा पगार वाचला, आणि लोक जास्त घ्यायला लागले, कारण डोळ्यांना दिसलं की हात जातोच. पुढे १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्वन गोल्डमन यानं चाकाची ट्रॉली आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवत होते. म्हणजे तुमचा हात दुखू नये ही काळजी दुकानदाराला १९३७ पासून आहे!

हसण्यावारी जाईल, पण काउंटर जाणं ही आपल्याकडे फार मोठी गोष्ट आहे, आणि ती वेगळ्या कारणानं. आपल्या गावांत काउंटरच्या त्या बाजूला फक्त माल नव्हता, जातही होती. अस्पृश्य मानलेल्या गिऱ्हाईकानं दुकानाच्या बाहेर उभं राहायचं, माल वरून पदरात टाकायचा, नाणी जमिनीवर ठेवायची, दुकानदारानं त्यावर पाणी शिंपडून ती उचलायची. दलित आत्मकथनं वाचलेल्यांना हे नवीन नाही. ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी हे सोसलं, त्यांना पुस्तकाचीही गरज नाही. गाव सोडा, शहरात जा, असं डॉ. आंबेडकर का सांगत होते, याच्या उत्तरातला एक छोटा तुकडा या काउंटरवर पडलेला आहे. (जाता जाता: १९५४ ची लोकसभेची पोटनिवडणूक बाबासाहेबांनी आमच्या भंडाऱ्यातूनच लढवली होती, आणि हरले होते. आमच्या जिल्ह्यानं ही गोष्ट विसरू नये.)

तर ज्या दुकानात कोणीही आत जातो, साखरेच्या पाकिटाला हात लावतो, ते परत ठेवतो आणि दुसरं उचलतो, त्या दुकानात एक जुनी रेघ पुसली गेलेली असते. दारातला वॉचमन कपड्यांवरून माणूस जोखतो, ते वेगळं. पण हा फायदा मी सुपरमार्केटच्या खात्यात मोकळ्या मनानं जमा करतो. पुढे टीका येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

नायगाव, १९४८

आता मुंबईला येऊ. दुसऱ्या महायुद्धात धान्याची टंचाई झाली. १९४३ साली मुंबईत रेशनिंग सुरू झालं, त्याच वर्षी तिकडे बंगालमध्ये भयानक दुष्काळ. युद्ध संपलं, स्वातंत्र्य आलं, पण टंचाई, काळा बाजार, भेसळ हे तसंच राहिलं. गिरणगावात महिन्याच्या पगारावर जगणारा कामगार. पगार झाला की दुकानदाराची मागची बाकी द्यायची, आणि दुसऱ्या दिवसापासून परत उधारी. ज्याच्याकडे उधारी आहे त्याच्याकडे तुम्ही "तांदळात खडे आहेत" असं मोठ्यानं बोलू शकत नाही. उधारीचा खरा भाव हा असतो, तो वहीत लिहीत नाहीत.

अशा काळात, १९४८ साली, नायगावात कामगारांनी एक ग्राहक संस्था काढली. नाव लांबलचक: मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था. आपण तिला ओळखतो 'अपना बाजार' म्हणून. समाजवादी चळवळीत वाढलेली कार्यकर्ती मंडळी तिच्यामागे होती. कल्पना साधी: आपण सगळे मिळून थोडं थोडं भांडवल घालू, घाऊक बाजारातून एकत्र माल घेऊ, चोख मापानं विकू, आणि नफा उरला तर तो आपलाच.

ही कल्पना त्यांच्या डोक्यातून आकाशातून पडली नव्हती. तिचं मूळ इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी. तिथल्या २८ जणांनी, त्यात बरेच विणकर, डिसेंबर १८४४ मध्ये टोड लेन नावाच्या गल्लीत छोटं दुकान उघडलं. माल काय? लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या. बस. पण नियम पक्के होते: माल शुद्ध, माप पूर्ण, प्रत्येक सभासदाला एकच मत, मग त्याचे शेअर कितीही असोत, आणि वर्षाचा नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आपल्या देशात मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात १९०४ मध्येच असं ग्राहक भांडार सुरू झालं होतं. म्हणजे नायगावची मंडळी एका जुन्या, जगभर पसरलेल्या साखळीतली कडी होती.

आता रॉचडेलचा अजून एक नियम ऐका, कारण तो आपल्या गोष्टीत फार महत्त्वाचा आहे: उधारी नाही. रोख द्या, माल न्या. कारण उधारीनं दुकान बुडतं, हे त्यांनी आधीची दुकानं बुडताना पाहिलं होतं. म्हणजे गिऱ्हाईकाच्या मालकीचं दुकान आलं, त्यानं भाव आणि माप सुधारलं, पण तिसरं काम, थांबण्याचं, ते त्यांनीही उचललं नाही. हे लक्षात ठेवा. आपण परत इथे येणार आहोत.

सरकार, महागाई आणि लाटणी

साठच्या दशकात सरकारही यात उतरलं. १९६२ च्या चीन युद्धानंतर भाव चढले तेव्हा केंद्रानं ग्राहक सहकारी भांडारांची योजना आणली. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलरला ४ रुपये ७६ पैसे होते ते एका रात्रीत साडेसात झाले. भाव भडकणार या धास्तीनं पुढच्याच महिन्यात दिल्लीत कॅनॉट प्लेसला सरकारी मदतीनं 'सुपर बाजार' उघडला. मुंबईत त्याच दशकात 'सहकारी भांडार' आलं. अपना बाजारही एका दुकानातून वाढत शाखांचं जाळं झालं. धान्य, कापड, भांडी, औषधं, सगळं एका छताखाली. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी दिवाळीचं सामान तिथून आणलं.

मग आला १९७२ चा दुष्काळ. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्यांनी महागाईविरोधात बायकांना रस्त्यावर आणलं. हातात लाटणी आणि थाळ्या. आणि याच अस्वस्थतेतून एक भन्नाट प्रयोग निघाला, ज्याला दुकानच नव्हतं! पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या स्थापनेत संगीतकार सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजीसुद्धा होते. पद्धत अशी: शेजारपाजारच्या काही घरांचा एक गट. महिन्याची यादी सगळ्यांनी आधी भरून द्यायची, पैसे गोळा करायचे. पंचायत तेवढाच माल घाऊक भावात आणणार, टेम्पो गटाच्या दारात येणार, आणि गटातल्या लोकांनी स्वतः वाटप करायचं.

मी ही पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा थक्क झालो. आज ज्याला 'ग्रुप बायिंग' म्हणून स्टार्टअपवाले गुंतवणूकदारांना विकतात, ते गिरगाव-दादरच्या चाळीत कार्बन पेपरवर चाललं होतं. माल पडून राहत नाही, गोडाऊन छोटं लागतं, जाहिरातीचा खर्च नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर इन्व्हेंटरी जवळजवळ शून्य.

वारणेला का जमलं?

हे झालं मुंबईचं. मोठं दुकान म्हणजे मोठं शहर, असं वाटू शकतं. म्हणून आता कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगरला जाऊ.

तात्यासाहेब कोरे यांनी पन्नासच्या दशकात तिथे सहकारी साखर कारखाना उभा केला. मग दूध संघ, बँक, शाळा-कॉलेजं. आणि सत्तरच्या दशकात 'वारणा बाजार'. वारणा विभाग सहकारी ग्राहक मंडळ या संस्थेचं हे दुकान. सुईपासून शेतीच्या सामानापर्यंत सगळं एका इमारतीत, आणि आजूबाजूच्या गावांत शाखा. आपल्याकडे बहुतेक मध्यम शहरांनी सुपरमार्केट हा शब्द ऐकला नव्हता, तेव्हा उसाच्या फडात काम करून आलेली बाई वारणा बाजारात फळीवरून साबण उचलत होती. (१९९८ मध्ये याच वारणा भागातल्या गावांत कॉम्प्युटर जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. म्हणजे ही मंडळी दुसऱ्यांदा काळाच्या पुढे.)

मग प्रश्न असा, की वारणेला जमलं ते साकोलीला, लाखांदूरला, अर्जुनी मोरगावला का नाही जमलं? आमच्याकडे माणसं नव्हती? सहकार नव्हता? होता. धान खरेदीच्या संस्था आहेत, विविध कार्यकारी सोसायट्या गावोगाव आहेत.

माझ्या मते उत्तर पैशाच्या कॅलेंडरमध्ये आहे. वारणेच्या शेतकऱ्याला उसाचे हप्ते कारखान्याकडून यायचे, आणि दुधाचं बिल साधारण दहा-दहा दिवसांनी. नायगावच्या कामगाराला महिन्याचा पगार. जिथे पैसा ठरलेल्या तारखेला, थोडा थोडा, पुन्हा पुन्हा येतो, तिथे रोखीचं दुकान उभं राहतं.

आता आमच्या धानाचं बघा. आषाढात रोवणी, तेव्हा नुसता खर्च: मजुरी, खत, फवारणी. हलका धान दिवाळीच्या आसपास निघतो, भारी त्याच्या मागून. मग मळणी. मग आधारभूत खरेदी केंद्र कधी सुरू होतं याची वाट. मग नंबर. मग बारदाना आहे का. मग काटा. मग खात्यात पैसे कधी येतात त्याची वाट. २०२४-२५ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव २३०० रुपये क्विंटल होता. भाव ठीक, न ठीक, तो वेगळा वाद. पण तो पैसा येतो वर्षातून एकदा, उन्हाळी धान असला तर दोनदा. जेवायला मात्र रोज लागतं.

म्हणून आमच्याकडे रोखीचं दुकान, मग ते सहकारी असो की खासगी, पगारदारांच्या गावात टिकतं. जिल्ह्यात जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, गडेगावला अशोक लेलँड. शिक्षक, बँकवाले, तहसीलवाले हे सगळे भंडारा-साकोलीत. बाकीच्यांसाठी वही.

दुसरं काम: भाव ठरवणं

दुकानदाराच्या हातून दुसरं काम कधी सुटलं? याचा आवाज फार झाला नाही. १९९० पासून पाकीटबंद मालावर सगळ्या करांसहित कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, छापणं आलं. आपण एमआरपीकडे ग्राहकाचं संरक्षण म्हणून बघतो, आणि ते आहेच. पण दुसरी बाजू अशी, की आता भाव कारखान्यातच छापून येऊ लागला. दुकानदाराला उरला तो फक्त कंपनीनं दिलेला मार्जिन.

त्याच काळात सुटा माल पाकिटात जाऊ लागला. पायलीनं, शेरानं मोजायचे दिवस दशमान पद्धत आल्यावर कागदावर केव्हाच संपले होते, पण किलोनं तोलायचा तराजू तरी दुकानात होता. पाकीट आलं आणि तोही कोपऱ्यात गेला. चांगली डाळ ओळखणं, चहा कुठला घ्यावा हे सांगणं, हे दुकानदाराचं ज्ञान होतं. पाकिटावर ते ज्ञान छापून आलं.

आणि पाकिटावर आला बारकोड. इथे मला पाच मिनिटं द्या, हा माझा प्रांत आहे. दुकानात पहिला बारकोड वाचला गेला २६ जून १९७४ ला, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात. वस्तू होती रिगलीच्या च्युइंग गमचं पाकीट. आपल्या बारकोडची सुरुवात बहुतेक वेळा ८९० नं होते, हा भारताला मिळालेला क्रमांक. (याचा अर्थ वस्तू भारतात बनली असा नाही. कंपनीनं नोंदणी भारतात केली, एवढाच.) एकूण १३ आकडे, आणि शेवटचा आकडा पहारेकरी. घरी करून बघा: समजा नंबर आहे ८९०१२३४५६७८९०. डावीकडून एक सोडून एक आकडे, पहिला, तिसरा, पाचवा असे घ्या: ८+०+२+४+६+८ = २८. मधले घ्या: ९+१+३+५+७+९ = ३४, त्याला तिनानं गुणा, १०२. बेरीज १३०. पुढच्या दहाच्या पटीला जायला किती लागतात? शून्य. म्हणून शेवटचा आकडा शून्य. स्कॅनरनं एखादा आकडा चुकीचा वाचला तर हा हिशोब जुळत नाही आणि मशीन बीप करत नाही.

ही गंमत सोडा, परिणाम बघा. बारकोड आल्यावर कुठल्या दुकानात कुठलं बिस्कीट मंगळवारी संध्याकाळी किती खपलं, हे मुंबईत बसून कळू लागलं. आधी ही माहिती दुकानदाराच्या डोक्यात होती. ती डोक्यातून डेटाबेसमध्ये गेली, आणि ज्याचा डेटाबेस त्याची घासाघीस करायची ताकद.

सहकारी बाजार मागे का पडले?

"भ्रष्टाचार झाला" एवढं म्हणून हा विषय संपवतात. काही ठिकाणी झालाही असेल, पण त्यानं सगळं कळत नाही.

मुंबईत १९८२ चा गिरणी संप झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बरेच कधीच परत आत गेले नाहीत. गिरणगाव विस्कटलं. कामगारांच्या दुकानाचा सभासद, गिऱ्हाईक आणि कार्यकर्ता हा एकच माणूस होता. तोच शहराबाहेर गेला. दुसरं, पाकीटबंद मालात सगळ्यांचा भाव एकच, मग "आमच्याकडे स्वस्त आणि चोख" हा सहकारी दुकानाचा मुद्दा बोथट झाला. चोख तर आता सगळीकडेच दिसत होतं. तिसरं, समितीच्या बैठकीतून भाव ठरवणारी संस्था आणि रोज सकाळी भाव ठरवणारा व्यापारी, यांची शर्यत.

आणि आता इतिहासाचा एक टोला बघा. राधाकिशन दमानी, शेअर बाजारातलं मोठं नाव. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी चालवून पाहिली. मग २००२ मध्ये पवईला स्वतःचं दुकान काढलं. डी-मार्ट. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, पुरवठादाराला पैसे लवकर, म्हणून माल स्वस्त, सजावट कमी, निवड मोजकी. कंपनी मार्च २०१७ मध्ये शेअर बाजारात आली. त्याच सुमारास दुसरी वाट किशोर बियाणींची: २००१ पासून बिग बझार, २६ जानेवारी २००६ चा 'सबसे सस्ता दिन', दारात चेंगराचेंगरीची वेळ. आमच्याकडून शंभरेक किलोमीटरवरच्या नागपूरला लोक बिग बझार बघायला जायचे, जसं दीक्षाभूमी, फुटाळा बघायचं तसं. पण भाड्याच्या जागा आणि कर्ज यांनी तो डोलारा पेलला नाही, आणि २०२२ मध्ये त्याची बरीच दुकानं रिलायन्सच्या हाती गेली. मुंबईच्या सहकारी भांडारची दुकानंही पुढे रिलायन्सनंच चालवायला घेतली होती.

डी-मार्टची शिकवण रॉचडेलच्या पाटीसारखीच दिसते ना? रोख, चोख, साधं, स्वस्त. फरक एकच. वर्षाच्या शेवटी नफा कोणाला. रॉचडेलमध्ये ज्यानं पीठ घेतलं त्याला. इथे ज्यानं शेअर घेतला त्याला. आपण पीठवाले.

तिसरं काम कोण करणार?

आता मूळ मुद्द्यावर. देणं गेलं, भाव ठरवणं गेलं. उरलं थांबणं. ते अजून गावच्या किराणा दुकानदाराकडे आहे.

मी त्याला देव बनवत नाहीये. उधारीच्या मालाचा भाव दोन-चार रुपये चढाच असतो. वाचता न येणाऱ्याला वहीत काय लिहिलं ते कळत नाही. धान आला की तो मलाच विकायचा, अशी अट घालणारे दुकानदारही असतात. वही हा उपकार नाही, ते विनातारण कर्ज आहे आणि त्याचं व्याज मालात लपलेलं आहे.

पण ते कर्ज मिळतं. कागद न मागता, पाचशे रुपयांचंही मिळतं, आणि पाऊस लांबला तर मुदत आपोआप वाढते, कारण पाऊस त्यालाही दिसतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शहरात ॲप चालत होते. गावात वही चालली.

हे त्याला कसं परवडतं? कारण गावातले रोखीचे गिऱ्हाईकही त्याच्याकडेच येतात. मास्तर, ग्रामसेवक, पोरगा पुण्यात असलेलं घर. त्यांच्या रोखीवर तो घाऊकवाल्याचे पैसे देतो, आणि म्हणून उरलेल्यांसाठी थांबू शकतो. सॉफ्टवेअरवाले याला क्रॉस-सबसिडी म्हणतील. गावात याला नाव नाही.

आता तालुक्याच्या गावांत 'अमुक मार्ट', 'तमुक सुपर शॉपी' अशा पाट्या लागतायत. महिन्याच्या एक तारखेला रोखीचे गिऱ्हाईक गाडी काढून तिकडे जातात. चूक नाही, तिथे दोन पैसे वाचतात. मी घरी गेलो की मीही आईला घेऊन जातो. पण गावच्या दुकानात मग उरते फक्त उधारी. आणि नुसत्या उधारीवर कुठलंच दुकान दोन पावसाळे काढत नाही. रॉचडेलवाल्यांना हे १८४४ मध्ये कळलं होतं.

म्हणजे ज्या दिवशी गावचं दुकान बंद होईल, त्या दिवशी नुकसान माझ्या आईचं नाही. तिच्या मोबाईलवर मी पैसे पाठवीन. नुकसान त्या घराचं, ज्याचा धान अजून बांधीत उभा आहे. त्याच्यासाठी श्रावणात कोण थांबणार? बचत गट थोडं करतात. रेशनचं धान्य पोटाचा आधार आहे, पण रेशनमध्ये तेल, मिरची, साबण, वहीपेन येत नाही. मोबाईलवर झटपट कर्ज देणारे ॲप आहेत, आणि ते वसुली कशी करतात हे आपण बातम्यांत वाचतोच.

मला विचाराल तर उत्तराचा एक धागा वारणेत आणि ग्राहक पंचायतीत आहे. गावातल्या वीस-पंचवीस घरांनी यादी एकत्र करून महिन्याचा माल घाऊक आणायला इमारत लागत नाही, व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. आणि धानाचं पेमेंट ज्या सोसायटीमार्फत येतं, तिनंच त्याच्यासमोर किराण्याची छोटी मर्यादा दिली, तर थांबण्याचं काम पहिल्यांदाच एखाद्या गिऱ्हाईकाच्या मालकीच्या संस्थेकडे येईल. सोपं नाही. सोसायटीचं राजकारण मला माहीत आहे, तुम्हालाही आहे. पण १९४८ मध्ये नायगावात तरी कुठे सोपं होतं?

आजच्यापुरतं एवढंच. एक काम देतो. घरी कोणाकडे जुनी उधारीची वही असेल, गिऱ्हाईकाची किंवा दुकानदाराची, तर उघडून बघा: कुठल्या महिन्यात बाकी सगळ्यात जास्त आहे, आणि ती कधी फिटली. दोन ओळी लिहून पाठवा, नावं गाळून. पुरेशा आल्या तर त्यावर एक वेगळा भाग करू.

पुढच्या भागात आपण बोलणार आहोत आठवडी बाजारावर. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कोणाची बाकी असेल तर देऊन टाका. जय महाराष्ट्र, जय विदर्भ, जे म्हणायचं ते म्हणा. नमस्कार.